हां, अ‍ॅश

सुमित्राबाईंची तक्रार अशी होती, की गुरुदत्त हल्ली त्यांच्याशी बोलताना फ्रीजकडे बघून बोलतो. आई, जेवलीस का, हे फ्रीजला विचारतो. आई, बाहेर बर्फ आहे, पडशील, हेही फ्रीजलाच सांगतो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, कंपनीत हाताखाली अकरा माणसं, आणि जन्मदात्या आईच्या तोंडाकडे बघायची छाती होत नाही. बरं, बोलणं राहू दे. शाळेची पत्रं येतात ती घरात आणत नाही, गाडीतल्या पुढच्या कप्प्यात कोंबून ठेवतो. एकदा गाडीत बसल्या असताना नाक पुसायला कागद हवा म्हणून त्यांनी तो कप्पा उघडला आणि पाच पाकिटं मांडीवर पडली. सुमित्राबाई कुरुंदवाडच्या शाळेत मराठी तिसरीपर्यंत गेलेल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शाळेचा शिक्का ओळखायला काही शिकावं लागत नाही.

"मला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक आहे ना?" त्या सुनेला म्हणाल्या. "तरी लपवतो. म्हणजे माझ्यापासून नाही लपवत, स्वतःपासूनच लपवतो."

सून रेखा हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच आली होती. तिनं चहा टाकला आणि आलं नेहमीपेक्षा जास्त किसलं.

वुस्टरपासून वीस मिनिटांवरच्या त्या तळ्याकाठच्या गावात मराठी घर हे एकच. घरात चार माणसं: सुमित्राबाई, मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात, उत्तरा. पत्रं उत्तराबद्दलची होती. आणि सगळ्याचं मूळ होतं सुमित्राबाईंच्या अंगाऱ्यात.

नरसोबाच्या वाडीचा अंगारा त्या हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून, साडीच्या घडीत गुंडाळून अमेरिकेत घेऊन आल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी उत्तराच्या कपाळाला बोट लावायचं आणि एक पुडी बांधून दप्तरात टाकायची, हा त्यांचा नेम. पुडी वर्तमानपत्राच्या तुकड्याची. चारी बाजू अशा दुमडलेल्या, की उलटी धरली तरी कण सांडू नये. उत्तरा एकदोनदा म्हणाली होती, आजी, बॅगेत नको, कपाळावर पुरे. सुमित्राबाईंनी हो म्हटलं आणि पुडी आतल्या कप्प्यात, कंपासपेटीखाली सरकवली. देवाचं काम पोरांना विचारून करायचं नसतं, असं त्यांचं मत.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात गणिताची परीक्षा होती. त्याच दिवशी शाळेतल्या मुलींच्या बाथरूममध्ये कुणाला तरी धुराचा वास आला. उपमुख्याध्यापक डॉयल दाराशी उभा राहिला आणि बाहेर येईल त्या मुलीची बॅग मागू लागला. इतर मुलींनी दिली. उत्तरानं दिली नाही. बॅग पोटाशी धरून ती भिंतीला टेकली, कारण तिची पाळी होती, बॅगेत तिचं सामान होतं, आणि मागे मुलांचा घोळका उभा होता. डॉयलनं बॅग ओढून घेतली आणि ऑफिसातल्या टेबलावर पालथी केली. आधी पॅड पडले. मग कंपासपेटी. मग पुडी.

पुडी उघडल्यावर आत करडी, मऊ भुकटी.

शाळेतून फोन आला तेव्हा घरात सुमित्राबाई एकट्याच होत्या. त्यांना इंग्रजीचे वीसेक शब्द येत; वीसच्या वीस त्या हुकूम सोडल्यासारखे वापरत. पलीकडची बाई पॅकेट म्हणाली, पावडर म्हणाली, ग्रँडमदर म्हणाली. सुमित्राबाईंना विषय कळला. पोरीनं आजीचं नाव सांगितलं याचं त्यांना बरंच वाटलं. येस, येस, आय गिव्ह, एक्झाम, गुड फॉर हेड, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. ते काय आहे, असं बाईनं विचारलं. तो शब्द उत्तरानंच त्यांना शिकवला होता.

"हां, अ‍ॅश," त्या म्हणाल्या.

बाईनं पुन्हा विचारलं. सुमित्राबाईंना वाटलं, हिला कमी ऐकू येतं. त्यांनी आवाज चढवला. "हां अ‍ॅश. हां अ‍ॅश. फ्रॉम इंडिया." आणखी आहे का, असं काहीसं पलीकडून आलं. "येस, येस," सुमित्राबाई म्हणाल्या, "फुल बॉटल."

फोन ठेवून त्या खूश होत्या. आख्खं संभाषण इंग्रजीत झालं होतं.

उत्तराला दहा दिवस शाळेतून काढलं. पुडी तपासायला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ही नुसती राख आहे. पण शाळा मागे हटेना. नियमात नशेचा पदार्थ होता आणि नशेचा म्हणून भासवलेला पदार्थही होता. बॅग द्यायला नकार दिला हा वेगळा गुन्हा. आणि फोनवरचं बोलणं लिहून ठेवलेलं होतंच. पुढची सुनावणी शाळेच्या बोर्डापुढे व्हायची होती. तोवर उत्तरानं रोज सकाळी ऑफिसात जाऊन बॅग उघडून दाखवायची.

उत्तरानं बॅग नेणंच सोडलं. पुस्तकं छातीशी धरून ती बर्फातून बसथांब्यापर्यंत जाई. महिन्यातले चार दिवस पोट दुखतं म्हणून घरी राही. सुमित्राबाई काचेतून बघत. घडलेलं सगळं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांच्या मनात आधी काय आलं होतं, तर अरे देवा, अंगारा विटाळला. तो विचार त्यांनी कुणाला सांगितला नाही. पण पोर अशी उघड्या पुस्तकांनी चालताना दिसली की तोच आठवायचा आणि त्या काचेपासून बाजूला व्हायच्या.

रेखाच्या लॅबमधल्या एका बाईनं नाव सुचवलं म्हणून डिसेंबरात वकीलबाई घरी आल्या. डोरथी केलर. सामान्य माणसांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेचं काम त्या बघत, आणि घरात येताना त्यांनी बूट दाराबाहेर काढले, यावर सुमित्राबाईंनी त्यांना पास केलं. केलरबाईंनी शाळेचा अहवाल वाचला. उत्तरा आजीसाठी मराठी करत होती.

"आजी, इथे लिहिलंय, तू फोनवर हॅश बोलली."

"मी अ‍ॅश म्हटलं."

"हॅश म्हणजे ड्रग, आजी. गांजासारखं. तू काय बोलली एग्झॅक्टली?"

"ती म्हणाली काय आहे, मी म्हटलं हां, अ‍ॅश."

उत्तरानं ते ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. मग तिनं केलरबाईंना ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं, आजीच्या आवाजात, आजीच्या मानेच्या झटक्यासह. केलरबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. दोन महिन्यांत पहिल्यांदा उत्तरा हसली, इतकी हसली की सोफ्यावर आडवी झाली, आणि मग तशीच उशीत तोंड खुपसून रडू लागली. सुमित्राबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुडी तुला न विचारता मी ठेवली," त्या म्हणाल्या. "तू नको म्हटलं होतंस. चूक माझी. मी सांगते त्यांना."

उत्तरानं उशीतून मान हलवली. तिला दुसरं काही नको होतं. बोर्डापुढे उभं राहून, मी काही केलं नाही, एवढं एकदा तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. आजी शेजारी असली तर हवी होती.

केलरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. न्यू जर्सीतल्या एका मुलीचं असंच प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं. तीही चौदा वर्षांची असताना शाळेत तिची पर्स उघडली होती. निकाल आता कधीही येईल, आणि तो देशातल्या सगळ्या शाळांना लागू होईल. त्या मुलीचं नाव कोर्टातही कुणी घेत नव्हतं; लहान म्हणून नुसती तीन अक्षरं.

त्या दिवसापासून सुमित्राबाई रोज विचारू लागल्या, न्यू जर्सीचीचं काय झालं? जणू पोर बाळंतपणाला अडली होती. मग एकदा उत्तराकडून कळलं, की त्या मुलीच्या पर्समध्ये खरोखरच सिगारेटी निघाल्या होत्या आणि गांजाही. सुमित्राबाईंचा चेहरा पडला. म्हणजे ती तसलीच निघाली की. उत्तरा वैतागली. आजी, ते इम्पॉर्टंट नाही. बॅग कुणाची आहे, ते इम्पॉर्टंट आहे.

सुमित्राबाईंना सासर आठवलं. लग्नानंतर माहेराहून परत आलं की सासू त्यांची ट्रंक माजघरात उघडायची. एकेक वस्तू बाहेर काढून मांडायची, दीर-सासरे जेवत असताना. आतले कपडेसुद्धा. ट्रंकेत चोरीचं कधी काही सापडलं नाही, पण सतराव्या वर्षी त्यांनी माहेरी जाणंच कमी केलं. हे त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं. उत्तरानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो यू नो."

"काय?"

"तुला माहिती आहे," उत्तरा म्हणाली.

त्यानंतर न्यू जर्सीची घरचीच झाली. देवापुढे दिवा लावताना सुमित्राबाई दोन पोरींसाठी हात जोडू लागल्या, एकीच्या नावानं आणि दुसरीच्या तीन अक्षरांनी. ती अक्षरं त्या उत्तराला विचारून पाठ करत.

गुरुदत्ताला हे काहीच पसंत नव्हतं. केलरबाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी तो फ्रीज उघडून उभा राहिला आणि आत बघत बोलला, की मार्चमध्ये बोस्टनला आईच्या ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. तिथे ड्रग्जबद्दल विचारतात. ती बोर्डापुढे उभी राहून पुडी मी दिली म्हणणार, ते लिहून घेणार. शाळेनं आधीच कळवलंय, घरातल्या मोठ्या माणसानं पुरवलं असेल तर पोलिसांना सांगावं लागेल.

"राख पुरवली," सुमित्राबाई म्हणाल्या. "खरं तेच सांगीन."

"आई, इथे खरं काय ते कोणी विचारत नाही. रेकॉर्डवर काय आहे ते बघतात. आणि सांगणार तरी काय? आम्ही मुलीच्या कपाळाला राख फासतो? बोर्डावर माझ्या मॅनेजरची बायको आहे."

हे ऐकून सुमित्राबाई उठल्या आणि त्यांनी फ्रीजचं दार लावलं. त्याच्या आधीची दोन मुलं गेल्यावर त्यांनी वाडीला अनवाणी सात खेपा केल्या होत्या, तेव्हा हा झाला आणि त्याचं नाव गुरुदत्त ठेवलं. ऑफिसात त्याला गॅरी म्हणतात हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. आताही नाही बोलल्या. एवढंच म्हणाल्या, की गांजाचं नाव निघालं तेव्हा तुझी मान इतकी खाली नव्हती, जितकी राखेचं निघाल्यावर गेली.

रेखा मध्ये पडली. न्यू जर्सीचा निकाल येऊ दे, तोवर कोणी काही करायचं नाही, असं ठरलं. गुरुदत्त हो म्हणाला. फ्रीज बंद होता, तरी त्याच्याकडे बघूनच.

संक्रांतीचं हळदीकुंकू श्रूजबरीला पद्मजाकडे होतं, आदल्या रविवारी. आजूबाजूच्या गावांतल्या बारा-पंधरा मराठी बायका. गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेलेली होती. तिळगूळ देता देता पद्मजा म्हणाली, की या वयात मुलं असं करतातच हो काकू, मनाला लावून घेऊ नका. आमच्या अतुलला आम्ही सांगून ठेवलंय, थोडे दिवस जरा लांब राहा.

"बरं केलंस," सुमित्राबाई म्हणाल्या. "जवळ आला आणि राख लागली तर अक्कल यायची."

दोघीतिघी हसल्या. उत्तरा तिथेच कोट घालून उभी होती. परतताना गाडीत तिनं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

निकाल मंगळवारी आला, पंधरा जानेवारीला. संक्रांतीचा दुसरा दिवस, करिदिन. करिदिनी कुणी पोळीचा तवासुद्धा नवा घेत नाही आणि यांनी निकाल दिला, असं सुमित्राबाई म्हणाल्या. सहा जण एका बाजूला, तीन दुसऱ्या. न्यू जर्सीची हरली होती. केलरबाईंनी फोनवर समजावलं, उत्तरानं स्वयंपाकघरात उभं राहून मराठी केलं. देशाची घटना शाळेलाही लागू आहे, एवढं कोर्टानं मान्य केलंय. पण झडती घ्यायला शाळेला पोलिसांसारखा कागद लागत नाही, संशयाला वाजवी कारण असलं की पुरे. आणि इथेच आपली केस वेगळी आहे, असं केलरबाईंचं म्हणणं. त्या मुलीला शिक्षिकेनं सिगारेट ओढताना पाहिलं होतं. उत्तराला कुणी काय करताना पाहिलं? ती बाथरूममधून बाहेर आली एवढंच. गुरुवारी चार वाजता बोर्डापुढे हेच सांगायचं. हरलो तर पुढच्या कोर्टात.

"म्हणजे दार लावलं नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "लोटलंय नुसतं."

"हो, आजी. लोटलं."

गुरुदत्तानं सगळं ऐकलं. त्याला ऐकू आलं ते एकच, हरली. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, आई, त्याच्यापुढे आपण कोण, असं म्हणून तो तळघरात वॉशिंग मशीन बघायला गेला. मशीन बिघडलं नव्हतं.

बुधवारचा दिवस सुमित्राबाईंनी पाठांतरात घालवला. उत्तरानं चार वाक्यं लिहून दिली होती, देवनागरीत. माय नेम इज सुमित्रा. आय पुट द ॲश. शी डिड नॉट नो. शी इज अ गुड गर्ल. वाक्याच्या सुरुवातीला हां म्हणायचं नाही, हे उत्तरानं तीन वेळा बजावलं. शेवटचं वाक्य सुमित्राबाईंना पसंत नव्हतं. गुड गर्ल आहे हे त्यांना का सांगायचं, ते कोण ठरवणारे? तरी त्यांनी पाठ केलं.

गुरुवारी दुपारी एकलाच त्या तयार होऊन बसल्या. ठेवणीतलं हिरवं नऊवारी, आत गरम कपडे, वरून रेखाचा लांब कोट, पायांत बर्फातले बूट. गुरुवार दत्ताचा, त्यामुळे मनात धीर होता. तीन वाजता उत्तरा शाळेतून आली, पांढरा शर्ट घालून खाली आली आणि आजीच्या शेजारी बसली. तिचे ओठ हलत होते; तीही काहीतरी पाठ म्हणत होती.

सव्वातीनला गुरुदत्त आला. रेखा परस्पर शाळेत यायची होती; त्या दोघी निघायला उठल्या. तो दारातच उभा राहिला, अंगातला कोट न काढता.

"सुनावणी नाहीये," तो म्हणाला. "कॅन्सल केली. मी काल सही केली."

कसली सही, ते उत्तरानं विचारलं नाही. तिनं हात पुढे केला. गुरुदत्तानं कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून दिला. तो भराभर सांगू लागला, की प्रकरण मिटलं, अठरा वर्षांची झाली की रेकॉर्ड पुसतात, पोलिसांकडे काही जाणार नाही, आजीचं नाव कुठेच येत नाही. बॅग दाखवणं जूनपर्यंत चालू राहील, तेवढं फक्त. ती लहान आहे, बापाची सही चालते.

उत्तरानं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"काय लिहिलंय?" सुमित्राबाईंनी विचारलं. "मला सांग."

"आई, राहू दे ना," गुरुदत्त म्हणाला.

"मी तिला विचारलं."

उत्तरानं कागद दोन्ही हातांनी धरला. तिचं मराठी नेहमी अडखळायचं. आता एकेक शब्द शोधून, नीट ठेवून ती बोलली. "मी शाळेत राख आणली. मी ती मुद्दाम आणली, कारण मला मैत्रिणींना दाखवायचं होतं की ते ड्रग आहे. माझ्या घरी कुणालाही माहीत नव्हतं. मी खोटं बोलली की आजीनं दिली. मला... आय अ‍ॅम सॉरी, म्हणजे मला वाईट वाटतं."

तिनं कागद बापाकडे फिरवला. "डॅड, हे सगळं 'मी' असं लिहिलंय," ती म्हणाली. "पण मी नाही बोलली."

उत्तरानं कागदाची होती तशी घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि जिना चढून गेली. दार आपटलं असतं तर सुमित्राबाईंना बरं वाटलं असतं. ते हळूच लागलं.

सुमित्राबाई कोटाची बटणं सोडवू लागल्या. वरचं बटण निघेना. गुरुदत्त मदतीला पुढे झाला तसा त्यांनी त्याचा हात बाजूला केला. बाहेर कुणाच्या तरी अंगणात फावड्यानं बर्फ ओढल्याचा आवाज येत होता.

"आई, मी तुझ्यासाठी केलं," तो म्हणाला. "तुला परत पाठवलं असतं तर? या वयात तिकडे कोण आहे तुझं?" आणि या वेळी, कितीतरी दिवसांनी, तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

सुमित्राबाईंना त्याची दया आली. पोटचा गोळा, सात खेपांनी मिळालेला. त्यांनी ती दया गिळली आणि सोफ्यावर ताठ बसल्या.

"बघतोयस तर ऐक," त्या म्हणाल्या. "तिला न विचारता मी पुडी ठेवली, तो माझा गुन्हा, आणि मी तो तिच्यापाशी कबूल केला. त्या डॉयलनं तिची बॅग पालथी केली, ते त्याचं पाप. पण त्याला निदान तिच्या हातातून ओढून घ्यावी लागली. तू तर तिच्या तोंडात हात घालून तिचा 'मी' काढून घेतलास, आणि ती शाळेत बसली होती, तिला कळलंसुद्धा नाही. त्या न्यू जर्सीच्या पोरीनं खरंच गांजा नेला होता, तरी नऊ जणांनी बसून तिचं ऐकून घेतलं, मगच ती हरली. आपली पोर बाप असून न ऐकताच हरली. मला वाचवलंस म्हणू नकोस, गुरुदत्ता. तू भ्यालास. भ्यायलाही हरकत नाही, माणूस भितो. पण भ्यालास तू, आणि सही तिच्या नावानं केलीस. हे मी तुला माफ करणार नाही, आणि तिनं करावं असं तिला सांगणारही नाही."